बी गोडाऊनमधला ठिपका

"कॉम्प्युटरवर नेमकं काय करतेस गं?" असं कुणी विचारलं की पडघ्याची दीक्षा सांगायची, "चित्रं काढते. मग ती सरकवते, फिरवते, लहानमोठी करते." एवढ्यासाठी कुणी पगार देतं, यावर तिच्या आईचा, चंपाचा, बरेच दिवस विश्वास बसला नव्हता. पण काम खरंच तेच होतं. काल्हेरच्या एका छोट्या कंपनीत ती गोडाऊनचे नकाशे पडद्यावर आणणारा प्रोग्रॅम लिहायची. कुठल्या रॅकवर कुठला माल आहे ते त्यात दिसे. कामगारांच्या हातातल्या स्कॅनरची जागाही दिसे, लाल ठिपक्याने, शेजारी कामगाराच्या नावासकट.

दापोड्याच्या एका मालकाची दोन गोडाऊनं होती. ए आणि बी, एकाच मापाची, पण तोंडं विरुद्ध दिशांना. दीक्षाने ए चं चित्र एकदाच काढलं आणि बी साठी तेच अर्धा फेरा फिरवून शेजारी सरकवलं. मग ती बी गोडाऊनच्या मधोमध स्कॅनर घेऊन उभी राहिली. ठिपका बरोब्बर मध्यभागी लुकलुकला. काम झालं, असं समजून ती घरी गेली.

बी सुरू झालं त्याच आठवड्यात ती काही किरकोळ दुरुस्तीसाठी तिथे आली होती. दरवाज्यालगतच्या काचेच्या केबिनमध्ये बसली होती, तेवढ्यात आतून लोखंड करकरल्याचा आवाज आला. चालक राकेशची माल उचलायची फोर्कलिफ्ट एका रॅकच्या खांबाला लागली होती. तो रॅक शेजारच्यावर कलला, शेजारचा पुढच्यावर, आणि बघता बघता सगळं गोडाऊन खोक्यांनी आणि गठ्ठ्यांनी भरून गेलं. राकेश कसाबसा उडी मारून बाहेर आला.

सुपरवायझर केसरीनाथ माणसं मोजत ओरडला, "रूपा खंय हाय? रूपा न्हाय भायेर!"

रूपा स्कॅनर घेऊन माल मोजायला आत गेलेली. मोबाइल गेटवरच जमा करायचे असत, त्यामुळे फोन लावायची सोय नव्हती. केसरीनाथ केबिनमध्ये धावला. पडद्यावर तिचा ठिपका दिसत होता, दरवाज्याकडच्या डाव्या कोपऱ्यात.

"हितं हाय! खणा रे!"

माणसं तुटून पडली. कुकरची खोकी हातोहात बाहेर येऊ लागली. दीक्षा पडद्याकडे बघत राहिली. ठिपका हलत नव्हता.

आणि मग तिला दुसरा ठिपका दिसला. राकेशचा. तो पार मागच्या भिंतीला चिकटलेला होता. पण राकेश तर तिच्या समोर, दारातच उभा होता, स्कॅनर अजून मुठीत धरून.

"काका, थांबवा! जागा चुकीची आहे!"

"पोरी, येल न्हाय आता," केसरीनाथ वळलासुद्धा नाही.

"हे बघा तरी! राकेश, आत चाल. चार पावलं, लवकर!"

राकेश आत निघाला. पडद्यावरचा ठिपका दरवाज्याकडे येऊ लागला. केसरीनाथने एकदा राकेशकडे पाहिलं, एकदा पडद्याकडे.

"उलटा चाललाय," तो पुटपुटला. "मंग ती खंय हाय?"

दीक्षाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. रॅक फिरवले होते, ठिपके फिरवलेच नव्हते, नुसते सरकवले होते. मधोमध उभं राहिल्यावर फरक दिसणार कसा? फिरताना मधला बिंदू जागचा हलतच नाही.

तिने ठिपक्यालाही अर्धा फेरा लावला. ठिपका पडद्यावरून गायबच झाला. केसरीनाथच्या तोंडून शिवी निघाली. काय चुकलं? तो गोडाऊनच्या मध्याभोवती फिरायला हवा होता, ती त्याला चित्राच्या कोपऱ्याभोवती फिरवत होती. आधी मध्य शून्यावर आणायचा, मग फिरवायचं, मग परत जागेवर न्यायचं. हा क्रम ती झोपेतही सांगू शकली असती, पण आता एकेक अक्षर तपासून टाइप करत होती.

ठिपका पुन्हा उमटला. मागच्या उजव्या कोपऱ्यात. राकेशचाही जिथे तो उभा होता तिथे आला.

"मागं! चादरींच्या गठ्ठ्यांखाली!"

केसरीनाथने या वेळी काही विचारलं नाही. मागचं शटर उघडून माणसं तिकडून घुसली. दीक्षाही गठ्ठे ओढत होती. नखं मोडली तरी तिला कळलं नाही. एका वाकलेल्या खांबाखाली आधी स्कॅनरचा दिवा दिसला, मग हात. हाताची बोटं हलली.

रूपाला गाडीत घातल्यावर केसरीनाथ दीक्षाजवळ आला. धापा टाकत म्हणाला, "तुझ्यामुलं गावली. आन् तुझ्यामुलंच येल लागला." त्यात राग नव्हता.

ठाण्याच्या दवाखान्यात रूपाच्या पायाचं ऑपरेशन झालं. पाय वाचला, पण लंगडत चालावं लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. दीक्षाच्या साहेबांनी तिला बजावलं होतं, "बाई वाचली ना? मग कशाला जास्त बोलायचं?" तरी ती भेटायला गेली.

"मला तुमचा आवाज येत होता," रूपा छताकडे बघत म्हणाली. "लांब कुठंतरी खणत होता तुम्ही. मी ओरडत होते, पण आवाज गठ्ठ्यांतून बाहेर जात नव्हता."

"ठिपका उलटा दिसत होता, रूपाताई. चित्र मीच फिरवलं होतं, ठिपके फिरवायचे राहिले." दीक्षाने मग सगळं सांगितलं, मधोमध उभं राहून तपासल्याचंही.

रूपाने विचारलं, "आता नीट दिसतो?"

"दिसतो. चारी कोपऱ्यांत उभी राहून बघितलं."

"आणि बाकीच्या गोडाऊनांत?"

तोच प्रोग्रॅम आणखी कुठे कुठे चालत होता, ते दीक्षा मनात आठवू लागली. त्यातलं एक पडघ्यालाच होतं, तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर.

"मग इथं कशाला बसलीस?" रूपा म्हणाली. "जा, बघून ये."

दीक्षाने पर्स उचलली आणि बाकीची गोडाऊनं तपासायची आहेत हे सांगायला जिन्यावरूनच साहेबांना फोन लावला.