हिरवा दिवा आणि निकामी बॅटरी

मित्रहो, यूपीएसचा हिरवा दिवा जळत असतो, तरी वीज जाताच संगणक बंद का पडतो?

आज सकाळी कामठ्याला मावसभावाच्या छपाईच्या दुकानात हेच घडले. संध्याकाळी वाटायला न्यायची लग्नपत्रिका संगणकावर जुळवून होत आली होती. अचानक वीज गेली आणि सगळे पुसले गेले.

"लाइट तर हिरवा जळून राहिला होता, मंग बंद काऊन झाला?" नवरीचे वडील म्हणाले. "लगन पोरीचं आहे भाऊ, तुमच्या मशीनचं नाही."

हिरवा दिवा फक्त भिंतीतून वीज येत असल्याचे सांगतो, बॅटरीची प्रकृती नव्हे. मावसभाऊ भारनियमनाची वेळ पाहून संगणक आधीच बंद करतो. त्यामुळे बॅटरीला कधी कामच पडले नाही आणि ती निकामी झाल्याचे कळलेही नाही.

गोंदियाहून नवी बॅटरी आणून मी बसवली. पत्रिका पुन्हा जुळवताना वीज परत गेली, पण संगणक चालूच राहिला.

"आता छाप बापा," वडील म्हणाले.

तुम्हीही तपासून पाहा. संगणक बंद करून यूपीएसला टेबललॅम्प जोडा आणि भिंतीवरचे बटण बंद करा. लॅम्प लगेच विझला, तर बॅटरी बदला.