खाडाखोडीशेजारची सही

माझ्या बाबांचा रोख पैशावर विश्वास नव्हता. नोटा खिशात आल्या की त्यांना घाम फुटायचा. याला कारण होतं. मी शाळेत असताना मुलुंडच्या आमच्या जागेची पागडी भरायला ते बँकेतून पैसे काढून निघाले होते. बँकेच्या फाटकाबाहेर एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने "साहेब, तुमची नोट पडली" म्हणून हाक मारली. खरंच पायाशी एक नोट पडली होती. बाबा वाकले, नोट उचलली, आणि सरळ उभे राहिले तेव्हा काखेतली पिशवी नव्हती. घरी आले ते ती एक नोट हातात घेऊन. चोराने टाकलेली नोट तेवढी आमची झाली होती.

त्यानंतर त्यांनी चेकबुक घेतलं. कारखान्यातल्या एका साध्या कारकुनाकडे चेकबुक म्हणजे शेजाऱ्यांना नसती ऐट वाटायची. बाबांना त्याचं काही नव्हतं. ते चेक लिहायला बसले की रेडिओ बंद, आईने मधे काही विचारायचं नाही, आणि मी टीपकागद घेऊन शेजारी उभी. डाव्या कोपऱ्यात पट्टी लावून दोन तिरप्या रेघा. नाव अगदी कडेला टेकवून, म्हणजे त्याच्या आधी कुणाला काही घुसडता येऊ नये. अक्षरी रकमेनंतर 'फक्त', आणि पुढे उरलेल्या जागेवर रेघ, पार शेवटपर्यंत. "आता चोराच्या बापालाही वटणार नाही," असं म्हणून ते चेक उजेडाकडे धरून बघायचे. त्यांनी चेकवर खाडाखोड केलेली मी कधी पाहिली नव्हती. चुकलं तर अख्खा चेक फाडून टाकायचे आणि दिवसभर हळहळायचे.

बी.ए.चं शेवटचं वर्ष राहिलं असताना माझं लग्न ठरलं. बहात्तर-त्र्याहत्तर साल असेल. स्थळ पार्ल्याचं, घर चांगलं. बोलणी करताना बाबांनी एकच अट घातली, मुलगी शेवटचं वर्ष पुरं करेल. सासरे म्हणाले, "शिकू दे की. पण फीचं तुम्ही बघा." बाबांनी लगेच हो म्हटलं. ह्यांचा पगार सासऱ्यांच्या हातात जायचा, त्यामुळे तिकडून पैसे निघण्याचा प्रश्नच नव्हता. माझं वर्ष बाबांच्या फीवर टांगलेलं होतं, आणि ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

लग्नात आमच्यात मुलीचं नाव बदलतात. ताम्हनात तांदूळ पसरले, ह्यांनी अंगठीने त्यात नवं नाव लिहिलं, आणि बाबांनी स्वतः पेढे वाटले. सकाळी मी एक होते, दुपारी दुसरी झाले. बापाच्या नावाच्या जागी नवऱ्याचं आलं आणि आडनावही गेलं. जुन्या नावातला एक शब्द उरला नाही. तेव्हा मला याची गंमत वाटली होती. मैत्रिणी नव्या नावाने चिडवायच्या आणि मी ओ द्यायला विसरायची.

सासऱ्यांनी पार्ल्याच्या बँकेत माझं खातं उघडून दिलं, अर्थात नव्या नावाने. बँकेतली माणसं त्यांच्या ओळखीची होती. जूनमध्ये मी माहेरी गेले तेव्हा बाबांनी फीचा चेक तयार ठेवला होता. कॉलेजात फी रोखच घ्यायचे, म्हणून चेक माझ्या नावाचा. रेघा, फक्त, सगळं जागच्या जागी. मी तो ब्लाउजमध्ये खोचून आणला. वर काय लिहिलंय ते बघायचं मला सुचलं नाही. बाबांचा चेक तपासायचा असतो हेच मुळी डोक्यात नव्हतं.

बँकेत खिडकीपलीकडच्या माणसाने चेक बघितला, मग माझं पासबुक बघितलं.

"बाई, हा चेक कुणाचा?"

"माझा."

"नाव तुमचं नाही."

मी वाकून बघितलं. बाबांच्या घोटीव अक्षरात माझं जुनं नाव होतं, बाबांच्या नावासकट, आडनावासकट.

"माझंच आहे. माहेरचं."

"माहेरचं म्हणजे आडनाव ना? इथे तर काहीच जुळत नाही." आणि त्याने दोन्ही नावं मोठ्याने वाचली, आधी एक, मग दुसरं. रांगेतली माणसं ऐकत होती. "कुणाचेही चेक घेऊन येतात हो हल्ली. पोस्टातून उचलतात आणि आणून भरतात. आम्ही ओळखायचं कसं?"

तो वाईट माणूस नव्हता, त्याचं काम करत होता. पण माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एका बाईने खांद्यावरची पर्स माझ्या बाजूने काढून दुसऱ्या खांद्याला लावली. ते मला दिसलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या. मी रडले असते तर त्यांना चोर सापडल्यासारखं वाटलं असतं, म्हणून रडलेही नाही. चोराच्या बापाला वटणार नाही असा चेक बाबांनी लिहिला होता, आणि चोर म्हणून मी उभी होते.

खात्याला ओळख सासऱ्यांची, म्हणून शिपाई पाठवून त्यांना बोलावलं. ते टोपी सारखी करत आले. चेक हातात घेतला. माझं जुनं नाव त्यांना चांगलं माहीत होतं, लग्नाच्या पत्रिकेवर छापलेलं होतं. एवढ्या ओळखीच्या माणसांत ते क्षणभर त्या नावाकडे बघत राहिले, मग चेक घडी करून म्हणाले, "या नावाची आमच्या घरात कुणी नाही."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. खिडकीतल्या माणसाने हळू आवाजात सांगितलं, ज्यांनी चेक दिला त्यांच्याकडून जुनं नाव खोडून वर नवं लिहून आणा, आणि खाडाखोडीशेजारी त्यांची पूर्ण सही घ्या. मी मान हलवली आणि सासऱ्यांच्या मागे बाहेर पडले.

रस्त्यावर त्यांनी चेक माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "आम्ही दिलेलं नाव तुझ्या वडिलांना चालत नाही, हे बँकेला कशाला कळायला हवं होतं? मला चारचौघांत तसं बोलावं लागलं." त्यांचाही चेहरा उतरला होता. घराच्या पायरीशी थांबून ते म्हणाले, "मुदतीत भरलीस तर भर फी. नाही तर राहिलं मग ते शिक्षण." मी "बरं, मामंजी" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी मुलुंडला गेले. बाबा नुकतेच कामावरून आले होते. मी चेक पुढे धरला तसं त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"का गं? सही जुळली नाही?"

"सही नाही, बाबा. नाव."

त्यांनी चष्मा लावून बघितलं. "नाव बरोबर आहे की." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. चेक तसाच हातात धरून ते खुर्चीत बसले. "हात तिकडेच गेला बघ," एवढंच म्हणाले.

बँकेतलं सगळं मी सांगितलं नाही. पण पुरेसं सांगितलं असावं, कारण आई मधेच म्हणाली, "रोख देऊन टाका ना हो. पदराला बांधून नेईल."

"आणि वाटेत कुणी म्हणालं, बाई, तुमची नोट पडली?" बाबांचा आवाज चढला. मग आई दारात जाऊन उभी राहिली.

दुसरा चेक लिहायला पान नव्हतं. चेकबुकातलं हे शेवटचंच होतं, आणि नवं येईपर्यंत मुदत गेली असती. बाबांनी पट्टी मागितली. मी टीपकागद घेऊन शेजारी उभी राहिले, लहानपणी राहायची तशी. त्यांनी माझ्या नावाखाली पट्टी ठेवली, मग वर सरकवली, पुन्हा खाली घेतली. शेवटी एक बारीक रेघ नावातून काढली, इतकी बारीक की खालचं नाव स्वच्छ वाचता येत होतं.

"सांग," ते म्हणाले.

"काय?"

"नाव सांग. लिहितो."

त्यांना ठाऊक नव्हतं असं थोडंच आहे! पेढे त्यांनीच वाटले होते. पण ते माझ्याकडे न बघता पेन धरून थांबले होते, आणि मला माझं नाव माझ्या बापाला सांगावं लागलं, अनोळखी कचेरीत सांगतात तसं, पूर्ण, एकेक शब्द सुटा. बँकेत मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण तिथे निदान माणसं परकी होती. इथे आई दारात उभी राहून ऐकत होती. माझ्या तोंडून ते नाव निघताना मला इतकी लाज वाटली, जसं काही ते मीच पसंत करून आणलं होतं.

बाबांनी लिहिलं. शेजारी सही करायला जागा कमी पडली, तेव्हा नेहमीपेक्षा बारीक सही केली. मी टीपकागद दाबला. त्यांनी चेक उजेडाकडे धरला, पण चोराच्या बापाचं काही म्हणाले नाहीत. फक्त "जुळेल ना गं?" असं दोनदा विचारलं.

सही जुळली. चेक वटला, फी भरली. कॉलेजच्या दाखल्यावर जुनंच नाव होतं, त्यामुळे वर्षभर हजेरीत तेच पुकारायचे. मामंजींनी आमच्या घरात कुणी नाही म्हणून सांगितलेल्या मुलीच्या वतीने मी रोज ओ देत होते, आणि प्रत्येक वेळी आजूबाजूला बघून घेत होते. पासही झाले. मामंजींनी पेढे आणले.

बाबांनी मात्र त्या संध्याकाळनंतर मला नावाने हाक मारली नाही. जुन्याने नाही आणि नव्यानेही नाही. पत्राच्या वरच्या ओळीत नुसतं 'अनेक आशीर्वाद' असायचं. माहेरी पोचले की दारातून म्हणायचे, "अगं, आलीस?" जेवताना, "अगं, भात घे." आईलाही ते जन्मभर 'अगं'च म्हणत आले होते.

आई एकदा हसत म्हणाली, "अहो, तुम्ही अगं म्हटलंत की आम्ही दोघी ओ देतो. हिला नावाने हाक मारा की!"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. मग ते उठून पाणी प्यायला आत गेले.