नांदेडला चमचाभर जास्त

दरवर्षी अकरावीच्या वर्गात वस्तुमान आणि वजन शिकवायची वेळ आली की माझं डोकं सटकतं. नववीत हे सगळं घोकून आलेली पोरं; पण 'तुझं वजन किती?' म्हटलं की पंचेचाळीस किलो सांगून मोकळी. अरे, किलोत सांगतोस ते वस्तुमान! अंगात ऐवज किती आहे ते. वजन म्हणजे पृथ्वी त्या ऐवजाला किती जोरानं खाली ओढते ते. चंद्राची ओढ कमी, म्हणून तिथं वजन कमी. ऐवज मात्र तेवढाच. एकदा मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, "मॅडम, म्हंजे चंद्रावर माणूस वाळत न्हाई ना?" वर्ग खिदळला. मी म्हणाले, "नाही गं बाई, वाळत नाही. काटा फक्त कमी दाखवतो." त्या वर्षी हेच वाक्य मला माझ्या मायला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

कारण आमचे अण्णा खरंच वाळत चालले होते. अण्णा म्हणजे माझे वडील, उदगीर डेपोतले निवृत्त एसटी ड्रायव्हर. नोकरीत असताना त्यांचं पोट स्टेअरिंगला टेकायचं आणि त्याचा त्यांना अभिमान होता. लातूरला पोटाचं ऑपरेशन झालं, तिथं कापाकापी बरीच झाली. दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून मायनं देवीला बोलून ठेवलं होतं की माणूस पायानं चालत घरी आला, तर त्याच्या भाराइतका गूळ वाहीन. माणूस चालत घरी आला. पण जाताना अठ्ठ्याहत्तर किलोचा होता, आला तो छप्पन्न किलोचा.

इथं मायचं घोडं अडलं. ती म्हणायची, "म्या बोलले तवा हे केवढे होते? तेवढ्या माणसाचा गूळ देवीला कबूल हाय. आदी अंगानं भरू द्या, मग गूळतुला करू." मग सुरू झालं खाऊ घालणं. नाचणीची पेज, तुपातला शिरा, मऊ खिचडी. दोन घासांत अण्णांचं पोट भरायचं आणि माय ताट घेऊन मागं लागायची. रोज सकाळी चहाच्या आधी अण्णांना बाथरूमसमोरच्या काट्यावर उभं करायचं, आकडा बघायचा आणि मला नांदेडला फोन लावायचा. हा नेमच झाला.

अण्णांना मात्र घाई होती. नवस फेडल्याशिवाय त्यांच्या जिवाला चैन नव्हतं. एकदा फोन हिसकावून मला म्हणाले, "तुझ्या मायला समजावून सांग. मी भरोस्तोवर देवी थांबंल, पर मी थांबंन का?"

मग आकडा सरकायला लागला. छप्पन्नचे सव्वाछप्पन्न, साडेछप्पन्न. मायचा आवाज फोनवर उजळायचा. सत्तावन्नच्या पुढं गेल्यावर मी खुशीत येऊन चेष्टा केली, "माय, अण्णांना इकडंच आण की. नांदेड उदगीरपेक्षा खाली आहे, पृथ्वीच्या मध्याला जरा जवळ. आपोआप वजन वाढतंय बघ इथं."

"किती वाढतंय?" माय एकदम गंभीर.

"अगं, नावाला. चमचाभर साखर जड झाल्यागत."

माय म्हणाली, "खरं वाढतंय ना पर? का गंमत करून राहिलीस?"

"खरं वाढतंय. शास्त्रच आहे ते."

"मग गूळतुला नांदेडलाच करू. तुझ्या गल्लीत देवीचं देऊळ हाय की. देवी काय, सगळीकडं एकच."

मी कपाळाला हात लावला. अठ्ठ्याहत्तरचा हट्ट धरून बसलेली बाई चमचाभर साखरेवर राजी झाली! का, ते मला तेव्हा कळलं नाही. अण्णा राजी, माय राजी, म्हणून मीही हो म्हटलं.

दोघं आली. मोंढ्यातल्या ओळखीच्या अडत दुकानातून जुना मोठा तराजू मागून आणला. देवळापुढच्या लिंबाच्या फांदीला तो टांगला. मायनं अठ्ठ्याहत्तर किलोच्या हिशेबानं गूळ आणला होता, दहा-दहा किलोच्या ढेपा आणि वर किलो-किलोच्या भेल्या. तराजू पाहून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. म्हटलं, "माय, एक सांगू का? तराजूवर नांदेडचा काही फायदा नाही बरं. अण्णा जेवढे जड होतील, त्याच हिशेबानं गूळही जड होणार. दोन्ही पारडी सारखीच ओढली जातात. काट्यावर फरक पडला असता, तराजूवर नाही. चंद्रावर नेऊन तोललं तरी एवढाच गूळ लागेल."

"हे आत्ता सांगतीस व्हय गं?" माय कडाडली. देवळाचा गुरव तोंडावर उपरणं धरून हसत होता.

पण आता माघार कसली! अण्णा अंगात बंडी, डोक्यावर टोपी अशा थाटात पारड्यात मांडी घालून बसले. पलीकडं ढेपा चढायला लागल्या. पाच ढेपा झाल्या, मग भेल्या, शेवटी एक फोडलेला तुकडा. दांडी सरळ झाली. सत्तावन्नच्या थोडं वर. मायच्या पायाशी पुष्कळ गूळ उरला होता. तिकडं तिनं बघितलंच नाही.

"थांबा," अण्णा म्हणाले. त्यांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक लोखंडी नट काढून माझ्या हातात दिला. एसटीच्या चाकाचा, जाडजूड, जुन्या ग्रीसचा वास असलेला. मग दुसरा, तिसरा. पाच नट माझ्या ओंजळीत आले. "देवीपुढं लोखंड नको," ते खाली मान घालून म्हणाले. "तुझी माय सकाळी आकडा बघून चहा घेती. कमी भरलं की तसाच ठेवून देती. म्हणून घालत होतो एकेक."

त्यांचं पारडं वर गेलं. आता माय कोसळणार, याच भीतीनं मी तिच्याकडं बघितलं.

मायनं पदर खोचला, पुढं झाली आणि पलीकडच्या पारड्यातली एक भेली उचलून खाली ठेवली. दांडी पुन्हा सरळ. झालं बुवा एकदाचं, म्हणून गुरवानं घंटेला हात घातला.

"जरा थांबा वो," माय म्हणाली. मग अण्णांकडं बघून, "सहावा कुठाय?"

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. त्यांनी मुकाट्यानं आतल्या खिशातून सहावा नट काढला.

"तुला कसं…"

"बंडी कोण धुतंय रोज? तुमी?" माय म्हणाली. "वाळली की मोजून जिथल्या तिथं ठिवत होते."

तेव्हा कुठं मला चमचाभर साखरेचा उलगडा झाला. रोज फोनवर मला आकडा सांगताना त्यातलं लोखंड किती, हे तिला ठाऊक होतं. एवढ्या दिवसांत खरं वाढलेलं असं तिच्या हाताला काहीच लागलं नव्हतं. नांदेडला खरं वाढतंय म्हटल्यावर ती चमचाभरासाठी बाडबिस्तरा घेऊन आली होती. आणि तेवढंही मी तिला मिळू दिलं नाही. शास्त्र गेलं चुलीत, असं आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

अण्णांचं पारडं जरासं वर राहिलं होतं. मी गुळाचा तुकडा काढायला गेले, तर मायनं हात धरला. "राहू दे. देवीचं पारडं थोडं जडच असावं." गुरवानं घंटा वाजवली. मायनं अण्णांच्या पायांवर, मग गुळावर हळदकुंकू वाहिलं आणि अण्णांना हाताला धरून खाली उतरवलं. त्यांना उतरवताना तिला फारसा जोर लावावा लागला नाही, ते मी बघितलं. तिनंही ते लपवलं नाही.

उरलेला गूळ तिथंच वाटून टाकला. मी ते सहा नट देवळाच्या कट्ट्यावर ठेवले होते, ते निघताना तिनं उचलले, पदरानं पुसले आणि पिशवीत टाकले.

"आता कशाला गं ते ओझं?" मी विचारलं.

"असू दे," माय म्हणाली. "उद्या सकाळी काट्यावर उभं राहताना लागतील त्यांना."