घोड्याच्या कपाळावरचा अंगठा

क्वीन्सटाउनजवळच्या एका ऑफिसच्या इमारतीखाली ब्राँझचा घोडा उभा आहे. मान खाली घातलेला, टांग्याला दिवसभर जुंपून आता सोडलेला असावा तसा. त्याच्या कपाळावर अंगठ्याएवढा खड्डा आहे. तो अंगठा माझ्या बायकोचा. तिला जाऊन तीन वर्षं झाली. राख समुद्रात सोडली. या गावात तिचं म्हणून जे काही उरलंय ते त्या खड्ड्यात आहे, आणि त्यावरूनही लोकांनी मला पुरावे मागितले.

मी सेम्बावांगच्या जहाजांच्या यार्डात वेल्डर होतो. चौथी शिकलेला माणूस, पण माझा टाका पाण्याखाली कधी सुटला नाही. एका वर्षी यार्डाची रिकामी शेड एका फ्रेंच शिल्पकाराला दिली, आणि त्याच्या घोड्याचा लोखंडी सांगाडा जोडायला मला पाठवलं. त्या माणसानं आयुष्यभर घोडेच केले होते, दुसरं काही नाही. त्याच्या बापाचं घोड्याच्या मांसाचं दुकान होतं. पोरवयापासून तो फरशीवर बसून हाडं न् स्नायू बघत आला होता. सांगाड्यावर माती चढवायचा ती खुरापासून वर, लाकडी फळीनं थापटत थापटत. घरी जाताना ओली फडकी पांघरून जायचा. कामात खोट नव्हती. ते मी आजही नाकारत नाही.

बायको दुपारी डबा घेऊन यायची. ती मिरजेच्या टांगेवाल्याची मुलगी. त्या फ्रेंचाला घोडा आतून ठाऊक, हिला बाहेरून. घोडा मागचा एक पाय ढिला टाकून कसा उभा राहतो, ते हिनं स्वतः तशी उभी राहून त्याला दाखवलं होतं. त्यानं दुसऱ्या दिवशी पाय बदलला.

माती संपत आली तेव्हाची गोष्ट. ही घोड्यापुढे उभी राहिली आणि मला म्हणाली, "अहो, ह्या भावाला सांगा, ह्याच्या घोड्याला भोवरा नाही."

"तू गप बस. मोठा माणूस आहे तो."

"असेल मोठा. कपाळावर भोवरा नसलेलं जनावर माझ्या बापानं दारात उभं केलं नसतं. हे जिवंत कसं वाटेल?"

तिचं खरं होतं. आपल्याकडे घोडं घेताना दात नंतर, आधी भोवरे बघतात. केस कुठे फिरलेत, त्यावरून जनावर घरात आणायचं की नाही ते ठरतं. पण भोवऱ्याला इंग्रजीत काय म्हणतात, मला कुठे ठाऊक? मी आपल्या कपाळावर बोट गोल गोल फिरवून दाखवलं. त्याला वाटलं, मी त्याला वेडा म्हणतोय. तोंड लालबुंद. फळी आपटली त्यानं.

तेव्हा हिनं पदर खोचला, पुढे झाली, आणि घोड्याच्या कपाळावर बोटांनी माती फिरवून मधोमध अंगठा दाबला. तिच्या अंगठ्यावर विळीनं कापलेला आडवा वण होता. तोसुद्धा मातीत उठला. फ्रेंचानं फळी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाला, "मादाम, नो टच. फिनिश." मी म्हटलं, झालं, आता काढून टाकणार. पण त्यानं ठेवला. साचे फ्रान्सला गेले आणि घोडा ब्राँझचा होऊन परत आला. तो बसवला त्या दिवशी ही वाकून पहिलं कपाळच बघायला गेली. वणासकट आला होता.

ती गेल्यापासून मी दर रविवारी क्लेमेंटीच्या घरून एमआरटीच्या गाडीनं तिथे जातो, रुमालानं कपाळ पुसतो. या वर्षी गेलो तर घोड्याभोवती दोरी, आणि कपाळावर खडूचा लाल गोल. घोड्याची दुरुस्ती निघाली होती. तिथे लावलेल्या कामाच्या यादीत लिहिलेलं बरोबर आलेल्या नातीनं वाचून दाखवलं: कपाळावरचा खड्डा भरणे, घासणे, पॉलिश.

मी सरळ ऑफिसात गेलो, हा माझ्या बायकोचा अंगठा आहे म्हटलं. तिथली मॅनेजर पोरगी गोड बोलली. "अंकल, एनी लेटर? एनी फोटो?"

बायकोच्या अंगठ्याचं लेटर! लग्न नोंदवलं होतं की जमीन विकली होती, की कागद करून ठेवीन? मी मराठीत चार शिव्या हासडल्या. नातीनं त्यांचं भाषांतर केलं नाही. शेवटी मॅनेजर म्हणाली, शिल्पकाराला विचारते. म्हातारा अजून जिवंत आहे म्हणे.

मला बरं वाटलं. म्हटलं, तो सांगेल. रोज हिच्या हातचं थालीपीठ खाल्लंय त्यानं.

उत्तर आलं. नातीनं वाचलं. "खुणेला हात लावू नये. तो माझ्या अंगठ्याचा ठसा आहे. पूर्वेचा वारा घोड्याच्या कपाळावर टेकला, असं मला तेव्हा सुचलं."

पूर्वेचा वारा! माझी बायको वारा झाली.

"आजोबा, दे कीपिंग इट, लाह," नात म्हणाली. "वी वन. जिंकलो आपण."

त्या रात्रीच नातीला म्हटलं, लिही त्याला, खोटारड्या म्हणून लिही. तिनं लिहिलं. पाठवणार, तेवढ्यात मीच हात धरला. तो अंगठा त्याचा नाही असं ठरलं, तर तो कुणाचाच नाही. मग तो नुसता खड्डा, आणि खड्डा भरतात. त्याचं खोटं आहे म्हणून तिचा ठसा आहे. असला न्याय मी यार्डाच्या मुकादमाकडेही बघितला नव्हता.

आता शेजारी त्याच्या पूर्वेच्या वाऱ्याची नवी पाटी लागली आहे. लोक वाचतात, मान डोलावतात, खड्ड्यात बोट घालून फोटो काढतात. मी बाकावर बसून बघतो, तोंड बंद ठेवून. गेल्या रविवारी सगळे गेल्यावर मी माझा अंगठा घालून बघितला. अर्धाही जात नाही. आणि त्या फ्रेंचाचा अंगठा माझ्याहून जाड, गाजराएवढा. एकदा इथे येऊन त्यात घालून दाखव म्हणावं.