धोंड्याच्या पानावरच्या गोळ्या

माझ्या सासुरवाडीत आजही सांगितले जाते की धोंड्याच्या जेवणाला मी मनगटी घड्याळासाठी रुसून बसलो होतो. हे साफ खोटे आहे. सांगणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा जन्मलेही नव्हते; उरलेल्यांना स्वतःच्या भुकेपलीकडे काही आठवत नाही.

ऐंशीच्या दशकाची अखेर होती. मी अंबरनाथच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत कामाला होतो. कुळगावात दोन खोल्यांचा संसार. मला क्षय झाला. औषधे सुरू होऊन महिना होतो न होतो तोच उजव्या पायाचा अंगठा लालभडक सुजला. चादरीचा स्पर्शही सोसवेना. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी रक्त तपासले.

"युरिक ॲसिड वाढलंय. तुमच्या औषधांतली एक गोळी ते लघवीवाटे बाहेर पडू देत नाही. महिनाभराने ती बंदच होणार आहे. तोवर दुखण्यावर औषध देतो. पण क्षयाच्या गोळ्या आपल्या मनाने सोडू नका. घरात तान्ही मुलगी आहे."

मुलगी पाच महिन्यांची होती. मला दुसरे कारण नको होते.

बारवी धरणाकडे भातशेती करणारे माझे मेहुणे अधिक महिन्याचे आमंत्रण घेऊन आले. माझा पाय पाहून "औषध उष्ण पडलंय, ताई," असा निकाल त्यांनी दिला आणि जाताना गोळ्यांचा डबाच नेला. सकाळी फडताळ रिकामे दिसले. पत्नीने नजर चुकवली.

मी भांडलो नाही. सुजलेला अंगठा शिरेना म्हणून चपलेचा पट्टा कापला आणि त्याच दुपारी आम्ही तिघे धोंड्याच्या जेवणाला गेलो. पानावर तेहतीस अनारसे, शेजारी घड्याळाची डबी. जावयाने पहिला घास घेतल्याविना त्या घरात पंगत जेवत नाही, हे मला पुरते ठाऊक होते.

"जावईबापू, घ्या ना," सासूबाई म्हणाल्या.

"औषध रिकाम्या पोटी घ्यायचं असतं. ते आलं की जेवतो."

"भावोजी, त्या गोळ्यांनीच पाय गेलाय तुमचा!" मेहुणे उसळले.

"पाय माझा आहे. खोकला तुमच्या भाचीला लागेल."

"घड्याळ पसंत नाही वाटतं!" कोणी आत्याबाई खिदळल्या. दंतकथा जन्मली ती तिथे.

वरण निवले. म्हातारे सासरे उठले, मुलाच्या खोलीतून डबा आणला आणि माझ्या पानाशी ठेवला. मी सगळ्यांदेखत गोळ्या घेतल्या. मग सांगितले, की यानंतर अर्धा तास काही खायचे नसते. पंगत तोही अर्धा तास बसून राहिली.

पुढच्या महिन्यात ती एक गोळी बंद झाली आणि अंगठा निवळला. उरलेली औषधे संपेपर्यंत माझा एकही दिवस चुकला नाही. मुलीला दोनदा तपासून घेतले, ठणठणीत निघाली. हे मेहुण्यांना मी स्वतः जाऊन सांगितले, त्यांच्या अंगणात उभा राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात.