बाबांचं स्टेशन आणि माझ्या पाच कमानी

आमच्याकडे महाराष्ट्रातून जो कोणी पाहुणा आला, त्याला बाबांनी कुतुबमिनाराआधी आमचं रेल्वे स्टेशन दाखवलं. (काहींना कुतुबमिनार दिसलाच नाही.)

स्टेशन पानिपतच्या बाजूचं, छोटंसं. बाबांनी दिल्लीतल्या मिनिस्ट्रीत अख्खी नोकरी केली ती इथून लोकलने ये-जा करत. त्यामुळे इमारत त्यांना तोंडपाठ! इंग्रजांच्या काळातल्या बारीक विटा, तीन कमानी, छपराला लाकडी झालर, जुन्या रुळांचे खांब, फाळणीत इथे उतरून कमानींखाली चुली मांडलेली माणसं... हे भाषण चालू असताना पाहुणे घड्याळाकडे बघत आणि मी पाहुण्यांकडे.

बाबा हिवाळ्यात गेले. पावसाळा संपता संपता कळलं, की जुनं स्टेशन पाडून नवं बांधणार.

"पाडायच्या आत मला एकदा घेऊन चल," आई म्हणाली. "दिसणार नाही, पण ह्यांच्या कमानीला हात तरी लावीन."

तिच्या उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची पट्टी होती आणि डावा आधीपासूनच नावापुरता. मी म्हटलं, "बिल्कुल! रविवारी जाऊ." त्या रविवारी माझी मीटिंग निघाली. पुढच्या रविवारी गेलो.

कारमधून उतरलो आणि मी आणि माझी बायको मेधा बघतच राहिलो. स्टेशन नव्हतं! निळे पत्रे, मातीचे ढीग आणि विटांच्या थप्प्या.

"आलो का रे?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर पडलं ते असं, "आलो ना! समोरच आहे, जसंच्या तसं!"

मेधाने मला कचकन चिमटा काढला. तेवढ्यात चौकीदार शिट्टी फुंकत धावत आला. "ओ भाईसाहब, कहाँ घुसे जा रहे हो?"

"कोण अडवतंय?" आईने विचारलं.

"टीसी आहे, आई."

"प्लॅटफॉर्म तिकीट काढलं नाहीस?"

मी चौकीदाराला हात जोडले. आईच्या डोळ्यावरची पट्टी पाहून त्याने शिट्टी खिशात टाकली. मग मी भाषणाला लागलो. "हे वर छप्पर. त्याला लाकडी झालर..."

"डोक्याला ऊन लागतंय रे."

मेधाने घाईघाईने आपली ओढणी दोन्ही हातांनी आईच्या डोक्यावर धरली. "आता नाही ना लागत, आई? जरा पुढे सरकलो आपण." (आम्ही तसूभरही हललो नव्हतो.) वाऱ्याने ओढणी उडाली, तशी तिची दुसरी बाजू चौकीदाराने पकडली. त्या छपराखाली मी खांब उभे केले, फाळणीतल्या चुली पेटवल्या. रंगात आलो होतो!

"आणि कमानी किती?"

"पाच!"

मी आईचा हात धरून विटांच्या थप्पीवर ठेवला. ती सावकाश विटा चाचपत राहिली. बाबा ऑफिसातून येऊन जिना चढताना खोकायचे, तो खोकला मला एकदम आठवला आणि माझं भाषण मध्येच थांबलं.

"थांबलास का?" आई म्हणाली. "कमानी तीन होत्या. आणि ह्यांच्या विटा बारीक होत्या रे."

"म्हणजे... तुला कळलं?"

"उतरल्या उतरल्या डोकं तापलं, तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"ते गेल्यापासून घरात कोणी हे भाषण केलं नव्हतं. म्हटलं, ऐकून घ्यावं."

मी तिथेच, मातीच्या ढिगाशेजारी, रडलो. चौकीदाराने ओढणीची घडी करून मेधाच्या हातात दिली.

निघताना त्याला विचारून मी ढिगाजवळची एक वीट उचलली. जुन्या स्टेशनची तेवढीच आठवण! घरी येऊन धुतली, बाबांच्या फोटोशेजारी ठेवली, हारसुद्धा घातला.

पट्टी निघाल्यावर आईने नव्या नजरेने पहिल्यांदा बाबांचा फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला. मग शेजारची वीट उचलली. चांगली जाडजूड, लालबुंद, वर भट्टीचा ताजा शिक्का. नव्या स्टेशनसाठी आणलेली!

मी ती परत करायला निघालो, पण आईने नेऊ दिली नाही. आता पाहुणे आले की ती त्यांना कुतुबमिनाराआधी वीट दाखवते. "ह्यांनी सगळ्यांना अख्खं स्टेशन दाखवलं," ती सांगते, "आणि हा त्याची वीट आणायला गेला, तर त्याला तीही ओळखता आली नाही."