सुईआधीचा अर्धा तास

आदरणीय इंगळे मॅडम यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात माझाही लेख असावा, असे संपादकांनी कळवले तेव्हा मी दोन दिवस उत्तर दिले नाही. या ग्रंथात मोठे डॉक्टर आणि प्राध्यापक लिहीत आहेत. मी बारावी नापास आहे. मॅडमच्या अमरावतीच्या तपासणी केंद्रात नोंदवही लिहितो आणि रक्ताच्या नळ्यांवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवतो. मजकूर चार वेळा तपासला आहे. तरी चूक राहिल्यास ती माझी समजावी.

मॅडमची आणि माझी पहिली भेट सात वर्षांपूर्वीची. आमचा नांदगाव खंडेश्वरला फुलांचा आणि भाजीचा मळा. बारावीच्या रसायनशास्त्राच्या पेपरला मी बैठक क्रमांक लिहिला आणि पुढे हात चाललाच नाही. दुसऱ्या वर्षीही तेच झाले. घरात कोणी रागावले नाही, फक्त माझ्याशी बोलणे हळूहळू कमी झाले. मग मी अमरावतीला खोली घेतली आणि काम शोधत केंद्रात आलो.

"सोबत कोण आहे?" मॅडमनी विचारले.

"कोणी नाही."

"मग बस त्या बाकावर." आणि त्या स्वतः येऊन शेजारी बसल्या.

मी सगळे सांगितले. "मॅडम, घरी सारं येत होतं. पेपर हातात आला अन् सारं पुसलं गेलं. मी ढ आहो."

"अमोनिया कसा बनवतात?"

मी सांगितले. दाब, तापमान, उत्प्रेरक, सगळे.

"मंग त्या दिवशी हे काय चांदूर बाजारले गेलं होतं?"

त्या वर्षात मी पहिल्यांदा हसलो असेन. मग त्यांनी समजावले. माणूस घाबरला की मूत्रपिंडांवरच्या दोन लहान ग्रंथी कॉर्टिसॉल नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. पळायला, लढायला ते कामाचे. पण साठवलेले शोधून आणणारा मेंदूचा भाग त्याच वेळी अडखळतो. "धान्याच्या ढोलीत गहू भरलेला आहे बापू. तोंड बंद झालं म्हणजे ढोली रिकामी होत नाही." नोकरी त्याच दिवशी मिळाली. तेव्हापासून दर वर्षी त्या एकदा विचारत, "बारावीचा फॉर्म भरला का?" आणि मी म्हणत असे, "पुढच्या वर्षी."

मॅडमनी अकोल्यात अनेक वर्षे शरीरक्रियाशास्त्र शिकवले. त्यांच्या अध्यापनाविषयी इतर लेखक लिहितीलच. मला त्यांच्या बाकाविषयी लिहायचे आहे. आमच्याकडे कॉर्टिसॉलच्या तपासणीला आलेल्या माणसाला लगेच सुई टोचत नाहीत. त्याने आधी अर्धा तास बाकावर बसायचे. धावत आलेल्या, सुईला भ्यालेल्या माणसाचे रक्त लगेच घेतले तर आकडा चढलेला येऊ शकतो. "मंग आपण त्याचा आजार नाही, आपलीच सुई मोजतो," असे मॅडम म्हणतात. नोंदवहीत त्यासाठी तीन रकाने आहेत: आल्याची वेळ, सुईची वेळ आणि 'सोबत कोण'. तिसरा रकाना मॅडमचा स्वतःचा. शेजारी आपले माणूस असले की शरीरही थोडे निवळते, असे त्या सांगतात. कोणी एकटे आले तर आमच्यापैकी एकाने शेजारी बसायचे आणि त्या रकान्यात आपले नाव लिहायचे.

हा नियम मी एकदा मोडला आहे. गौरवग्रंथात असे लिहावे की नाही, मला माहीत नाही. पण मॅडमचा मोठेपणा मी तिथेच पाहिला.

तीन वर्षांपूर्वी चांदूर बाजारच्या एक ताई एकट्याच आल्या. बस रस्त्यात बंद पडल्याने स्टँडपासून धावत आल्या होत्या. नमुने घेऊन जाणारी गाडी दारात उभी होती आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. मी सिस्टरना सांगितले, "यांचं बसून झालं." आल्याची वेळ अर्धा तास आधीची लिहिली. 'सोबत कोण' मध्ये माझे नाव लिहिले. सगळे सुवाच्य अक्षरात.

आकडा चढलेला आला. पोटात गाठ असू शकते, असे त्यांच्या डॉक्टरांनी सांगून त्यांना पुढच्या तपासण्यांसाठी अकोल्याला पाठवले. तिथून ताईंचा केंद्रात फोन आला. "भाऊ, माह्या पोटात गाठ हाय म्हनतात. खरं हाय काय?"

"मॅडमले विचारतो," म्हणून मी फोन ठेवला. दिवसभर विचारले नाही. संध्याकाळी मॅडमच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझा चेहरा पाहिला आणि म्हणाल्या, "आधी बस. मंग बोल." पूर्ण अर्धा तास त्या शेजारी बसून राहिल्या. मग मी सांगितले. नोकरी गेली असे धरूनच सांगितले. त्यांनी एवढेच विचारले, "तिच्याजवळ कोण बसलं होतं?"

"कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या बसने आम्ही अकोल्याला गेलो. ताई दवाखान्याच्या व्हरांड्यात एकट्याच होत्या. मॅडमनी त्यांचा हात हातात घेतला. "बाई, चूक आमची आहे. घाईत रक्त घेतलं. आज पुन्हा नीट घेऊ."

"मंग रातभर मी काहून रडली?" ताईंनी विचारले.

मॅडमनी सबब सांगितली नाही. त्या बसल्या, मीही बसलो. अर्ध्या तासाने रक्त घेतले. आकडा ठीक आला, गाठ नव्हती. निघताना ताई मला म्हणाल्या, "भाऊ, तुमी तवाच बसले असते तं..."

परतीच्या बसमध्ये मॅडम म्हणाल्या, "खोटं तू लिहिलं, हे मी पुसणार नाही. पण घाबरलेल्या माणसाले गाडी दिसते, घड्याळ दिसते, समोरचा माणूस दिसत नाही. हे आता तुले माहीत आहे, तं पुढच्या वेळी सबब चालणार नाही." केंद्रात आल्यावर त्यांनी खोटी नोंद खोडू दिली नाही. तिच्याखाली खरी लिहायला लावली. 'सोबत कोण'समोर मी लिहिले: कोणी नाही.

गेल्या महिन्यात एका सकाळी मॅडम स्वतःच तपासणीला आल्या. रांगेत नाव दिले आणि बाकावर बसल्या. यजमान जाऊन अकरा वर्षे झाली, मुलगी परदेशात. सात वर्षांत हजारो नावे मी त्या रकान्यात लिहिली, पण मॅडमसोबत कोण, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. मी नोंदवही घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसलो.

"काय रे, काम नाही का तुले?"

"अर्धा तास आहे ना, मॅडम." मी तिसऱ्या रकान्यात माझे नाव लिहिले. त्यांनी ते वाचले. मग म्हणाल्या, "फॉर्म भरला का?"

"भरला. परीक्षा केंद्र अमरावतीतच आहे. पण आत जायच्या आधी..."

"बाहेर बाक असेल?"

"पाहून आलो. आहे."

"मंग येते मी. अर्धा तास आधी."

मॅडम, आपणांस निरोगी आणि दीर्घ आयुष्य लाभो. शंभरी आपण चालत्या-फिरत्या पाहावी, आणि तिथवरच्या प्रत्येक सकाळी आपल्या नावापुढचा तिसरा रकाना भरलेला असावा. अमरावतीत तो भरायचे काम माझ्याकडे राहू द्यावे, ही विनंती.